सात दिवस ‘प्रेझेंट’, तीन दिवस बिनपगारी

वाचकाचं पत्र

मी १४० माणसांच्या कंपनीत अडीच वर्षं एचआर पाहते. एकटीच आहे. भरती, हजेरी, रजा, पगार सगळं माझ्याकडेच. गेल्या महिन्यात सेल्सचा एक सीनियर माणूस घरगुती कारणानं सात कामाचे दिवस आला नाही. रजाही टाकली नाही. संचालकांचा फोन आला, “त्याचे सात दिवस प्रेझेंट टाक, मी बघतो.” मी टाकले. त्याच महिन्यात एका ऑपरेटरचे आजारपणाचे तीन दिवस मी बिनपगारी केले. कामावर परतल्यापासून दोन दिवसांत मेडिकल सर्टिफिकेट द्यायचा नियम आहे, त्यानं चौथ्या दिवशी दिलं. आजारपणाची रजा त्याच्या खात्यात शिल्लक होती. सेल्सवाल्याचं प्रकरण त्याला कुठून तरी कळलं आणि आता शॉप फ्लोअरवर मी गेले की बोलणं थांबतं.

त्यात आणखी एक. नव्या सॉफ्टवेअरमध्ये जुनी माहिती भरताना दिसलं की दीड वर्षापूर्वी मीच बनवलेल्या एक्सेलमध्ये शुक्रवारी आणि सोमवारी रजा घेणाऱ्यांचे मधले शनिवार-रविवारही रजेतून वजा झालेत. धोरणात असं कुठेच लिहिलेलं नाही. साधारण ४० जणांना फटका बसलाय. अजून कुणाच्या लक्षात आलेलं नाही. सांगितलं तर सगळं माझ्यावर येईल. नव्या सॉफ्टवेअरमध्ये फॉर्म्युला बरोबर करून पुढे जावं का?

उत्तर

पुढच्या पगाराचा कट-ऑफ, म्हणजे हजेरीच्या नोंदी बंद करायची तारीख, कधी आहे ते तुम्ही लिहिलेलं नाही, पण फार लांब नसणार. म्हणून आधी क्रम सांगते. पहिले ते सात दिवस, मग ऑपरेटर, आणि सर्वांत वेळखाऊ काम म्हणजे शीट. तुमच्या डोक्यात शीट सगळ्यात मोठी झालीय, कारण ती चूक तुमची आहे. मला विचाराल तर तिघांत सगळ्यात कमी काळजीची तीच. ती अनवधानानं झाली. सात दिवसांची नोंद तुम्ही जाणूनबुजून केलीत.

संचालकांनी त्या माणसाला पगार द्यायचा ठरवला, यात मला काही गैर वाटत नाही. घरी काही मोठं घडलं असेल, माणूस जुना असेल, उद्या सोडून जाऊ नये असंही वाटत असेल. सात दिवसांचा पगार देणं त्यांच्या हातात आहे. पण तो माणूस त्या दिवशी कामावर होता की नव्हता, हे ठरवणं त्यांच्या हातात नाही आणि तुमच्याही नाही. सूट मालकानं द्यावी. मस्टरवर, म्हणजे हजेरीपटावर, मात्र जे घडलं तेच लिहिलं जावं. या दोन गोष्टींची गल्लत झाली, म्हणून शॉप फ्लोअरवर तुम्हाला पाहून लोक गप्प होतात.

“प्रेझेंटच तर टाकलंय, कुणाचं काय गेलं?” असं कुणी म्हणेल तर पुढचा हिशेब दाखवा. ते सात दिवस रजेच्या खात्यातून गेलेच नाहीत, म्हणजे ती सात दिवसांची रजा त्याच्या नावावर शिल्लक आहे. उद्या त्यानं नोकरी सोडली आणि तुमच्याकडे एन्कॅशमेंट, म्हणजे उरलेल्या रजेचे पैसे द्यायची सोय, असेल, तर फुल अँड फायनलमध्ये, म्हणजे सोडतानाच्या शेवटच्या हिशेबात, त्या सात दिवसांचे पैसे त्याला पुन्हा मिळणार. दुसरं असं, की त्या सात दिवसांत त्याला कुठे अपघात झाला असता, तर तुमच्या रेकॉर्डप्रमाणे तो ड्यूटीवर होता. विम्यावाले आले, तपासणीला अधिकारी आले, तर त्यांच्यासमोर ‘मी बघतो’ म्हणणारा फोन नसतो, तुमची सही असते.

तेव्हा संचालकांना एक छोटा मेल करा. तक्रारीचा सूर नको, माफीचाही नको. साधारण असा:

“सर, गेल्या महिन्यात आपलं फोनवर बोलणं झालं त्याप्रमाणे अमुक यांना ९ ते १७ तारखेमधल्या सात कामाच्या दिवसांचा पूर्ण पगार दिला आहे. त्या दिवसांत ते कामावर नसल्यामुळे हजेरीतली ‘उपस्थित’ ही नोंद दुरुस्त करून ‘विशेष सवेतन रजा, संचालकांच्या मंजुरीने’ अशी करत आहे. पगारात काहीही फरक पडत नाही. ही रजा त्यांच्या वार्षिक रजेतून वळती करायची असल्यास कट-ऑफपूर्वी कळवावे.”

हा मेल परवानगी मागत नाही, कळवतो. शिवाय त्यात त्यांचा निर्णय तसाच राहिलाय. पगार जातोच आहे. पुष्कळ वरिष्ठ एवढ्यावर “ओके” लिहून मोकळे होतात, कारण त्यांना माणसाला पैसे द्यायचे होते, खोटी नोंद करायची नव्हती. ‘प्रेझेंट टाक’ हा त्यांच्या तोंडात बसलेला शब्द असतो, बस्स. दुरुस्ती करताना जुनी नोंद पुसू नका. कागदी मस्टर असेल तर रेघ मारून वर नवीन नोंद, शेजारी तारीख आणि सही. सॉफ्टवेअर असेल तर बदलाचं कारण लिहायचा रकाना असतो, तो रिकामा सोडू नका.

आणि त्यांनी उलट फोन करून “हे सगळं लिहायची काय गरज होती?” असं म्हटलं, तर नैतिकतेवर बोलू नका. अकाउंट्सवर बोला. साठवता येणाऱ्या सवेतन रजेचा अपेक्षित खर्च कंपनीनं देणं म्हणून दाखवायचा असतो. आंतरराष्ट्रीय लेखा मानक १९ तेच सांगतं. म्हणजे रजेची शिल्लक चुकली की ताळेबंदही चुकतो. हे वाक्य फायनान्सच्या प्रमुखांसमोर बोलून बघा, खुर्चीत सरळ होऊन बसतील. एचआरला नियमांची चाड असते हे कुणाला पटत नाही, पण ऑडिटर प्रश्न विचारेल हे सगळ्यांना लगेच पटतं.

एवढं होऊनही ‘प्रेझेंटच राहू दे’ असा हट्ट असेल, तर तुमच्या सहीनं ते जाणार नाही हे शांतपणे सांगा आणि तो मेल जागेवर राहू द्या. मस्टरचे फोटो काढून स्वतःच्या मोबाइलमध्ये मात्र ठेवू नका. भीतीपोटी हे पुष्कळ जण करतात आणि मग १४० माणसांची खासगी माहिती बाहेर नेल्याचा ठपका त्यांच्यावरच येतो. तुमचा पुरावा कंपनीच्या मेलमध्येच असायला हवा. असे फोन दर महिन्याला यायला लागले, तर बायोडेटा नीट करायला घ्या. हे मी चेष्टेनं म्हणत नाही.

पुढच्या वेळी फोन येऊ नये म्हणून धोरणात ‘विशेष सवेतन रजा’ असं एक कलम घाला. कुणी मंजूर करायची, वर्षात जास्तीत जास्त किती दिवस, कोणत्या प्रकारच्या कारणांसाठी. चार ओळी पुरतात. याचा खरा उपयोग शॉप फ्लोअरवर होईल. सेल्सच्या माणसाच्या घरी काय झालं ते तुम्ही ऑपरेटरला सांगू शकत नाही, सांगूही नये. पण “अशी रजा आहे, ती तुम्हालाही लागू आहे, अर्ज असा करायचा” हे छातीठोकपणे सांगता येईल. लोकांना सूट खुपत नाही. आपल्याला अशी दारं आहेत हेच माहीत नव्हतं, हे खुपतं.

आता ऑपरेटर. इथे मी तुमच्यावर थोडी रागावणार आहे. तो आजारी होता हे तुम्हाला मान्य आहे, सर्टिफिकेट खरं आहे, रजा शिल्लक आहे. मग चुकलं काय? कागद दोन दिवस उशिरा आला. त्याची शिक्षा तीन दिवसांचा पगार? न केलेल्या कामाचा पगार न देणं वेगळं आणि उशीर केला म्हणून मिळणारा पगार अडवणं वेगळं. तुम्ही दुसरं केलंत, आणि नाव पहिल्याचं दिलंत. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा वेतन संरक्षणाचा करार १९४९ सालचा आहे, क्रमांक ९५. त्याच्या आठव्या कलमाप्रमाणे पगारातून कपात फक्त कायद्यानं, सामूहिक करारानं किंवा लवादाच्या निवाड्यानं घालून दिलेल्या अटींवर आणि तेवढ्याच मर्यादेत करता येते, आणि त्या अटी कामगाराला कळवलेल्या असाव्या लागतात. तुमच्या नियमात ‘दोन दिवसांत द्यावे’ एवढंच आहे. ‘न दिल्यास बिनपगारी’ असं लिहिलंय का? नसेल, तर ते तुम्ही मनानं जोडलंत. लिहिलेलं असेल, तरी तुमच्या इथल्या कायद्यात ते टिकतं का हे कायदा सल्लागाराकडून तपासून घ्या.

सर्टिफिकेटवरून आठवलं. त्यावर आजाराचं नाव असतं. तुम्हाला हवं असतं ते इतकंच: किती दिवस विश्रांती आणि कामावर यायला फिट आहे की नाही. सुपरवायझरला तर फक्त तारखा पुरतात. सर्टिफिकेट सुपरवायझरमार्फत, किंवा त्याहून वाईट म्हणजे ग्रुपवर फोटो टाकून, येत असेल तर ते बंद करा. ऑपरेटरला चार दिवस का लागले याचं उत्तर कदाचित इथेच सापडेल. सगळ्यांसमोर कागद द्यायला माणूस बिचकतो.

आता शीट. तुमचा फॉर्म्युला ‘शेवटची तारीख वजा पहिली तारीख अधिक एक’ असा असणार. शुक्रवार ते सोमवार टाकलं की चार येतात. एक्सेलमध्ये नेटवर्कडेज नावाचं फंक्शन यासाठीच आहे; शनिवार-रविवार ते आपोआप वगळतं आणि सणासुदीच्या सुट्ट्यांची यादी जोडली की त्याही. साप्ताहिक सुटी दुसऱ्या वारी असेल तर त्याचाच ‘इंटल’ जोडलेला प्रकार वापरायचा. तुम्ही मुद्दाम काही केलं नाहीत. पण काही कंपन्या हेच मुद्दाम करतात, त्याला ‘सँडविच’ म्हणतात, आणि तुमच्या लोकांना वाटेल की तुम्हीही गुपचूप तेच सुरू केलं होतं. म्हणून गप्प राहून पुढे जाणं मला धोक्याचं वाटतं. वार्षिक सवेतन रजेचा श्रम संघटनेचा करार १९७० सालचा, क्रमांक १३२. त्यात वर्षभराच्या नोकरीला किमान तीन कामकाजी आठवडे रजा आहे, आणि सार्वजनिक सुट्ट्या त्या किमान रजेत मोजायच्या नाहीत असं स्पष्ट म्हटलंय. हा करार ज्या देशांनी मान्य केलाय त्यांनाच तो बांधतो. पण रजा म्हणजे कामाच्या दिवसातून घेतलेली मोकळीक, हा विचार जुना आणि सर्वमान्य आहे. ज्या दिवशी काम नव्हतंच, त्या दिवसाची रजा कापायची कशी?

हिशेब शीटवरून करू नका, मूळ अर्जांवरून करा. आधी पाच माणसं निवडा आणि हातानं, कॅलेंडर समोर ठेवून मोजा. त्यातून चुकीचे नेमके प्रकार कळतील, मग उरलेल्यांना हात घाला. तीन ठिकाणी हमखास घसरायला होतं.

एक म्हणजे ज्यांची रजा संपून पगार कापला गेला ते. समजा एकीच्या खात्यात चार दिवस होते. तिनं शुक्रवार-सोमवार रजा घेतली, शीटनं चार वजा केले, शिल्लक शून्य. पुढच्या महिन्यात दोन दिवस ती आली नाही, तर ते बिनपगारी झाले. खरं पाहता तिच्याकडे दोन दिवस होते. तिला आता दोन दिवस रजा परत देऊन भागणार नाही. ते दोन दिवस त्या बिनपगारी दिवसांवर लावायचे, रजा पुन्हा शून्य आणि दोन दिवसांचा पगार अरिअर्समध्ये, म्हणजे मागची थकबाकी म्हणून. रजाही दिली आणि पगारही दिला, तर नवीन चूक होईल. आणि पगार बदलला की त्यावर आधारलेल्या वर्गण्या आणि कर पुन्हा बघावे लागतात, ते अकाउंट्सला आधीच सांगून ठेवा.

दुसरं, वर्षाअखेरीस बाद होणारी रजा. आता परत दिलेले दिवस मागच्या वर्षाचे आहेत, म्हणून सॉफ्टवेअर ते ‘लॅप्स’ दाखवेल. कुणाला ते दिवस वापरायची संधीच मिळाली नव्हती, तेव्हा ते बाद धरता येणार नाहीत. ते चालू वर्षात वेगळ्या ओळीत टाका.

तिसरं म्हणजे सोडून गेलेली माणसं. त्यांचा विचार कुणीच करत नाही. दीड वर्षात जे गेले त्यांच्या फुल अँड फायनलमध्ये एन्कॅशमेंट कमी दिलं गेलं असेल. त्यांना शोधून पैसे पाठवायचे. पत्ते असतात, बँकेचे तपशील असतात. अवघड काही नाही, फक्त करायचं मनात हवं.

हात लागलाच आहे तर भागाकारही तपासा. हे मी स्वतःच्या चुकीवरून सांगतेय. माझ्या नोकरीच्या तिसऱ्या वर्षी एक फिटर माझ्या टेबलापाशी आला. खिशातून दोन पे-स्लिपा काढल्या, घड्या उलगडून हातानं सपाट केल्या आणि माझाच कॅल्क्युलेटर माझ्याकडे सरकवला. म्हणाला, “मॅडम, माझा एक दिवस कितीचा?” एका स्लिपमध्ये त्याची बिनपगारी कापलेली होती, दुसरीत एन्कॅशमेंट दिलेलं. पगार ३०,००० धरा. कापताना आम्ही २६ नं भागत होतो, म्हणजे दिवस १,१५३.८५ चा. देताना ३० नं, म्हणजे दिवस १,००० चा. तीन दिवस कापले तर ३,४६१.५४ गेले, तीन दिवस विकले तर ३,००० आले. दोन्ही शीटा माझ्या आधीपासून होत्या, वेगवेगळ्या माणसांनी केलेल्या. कुणी लबाडी केली नव्हती. पण त्याच्याकडे बघून मला ते सांगता आलं नाही, कारण दोन्हीकडून फायदा कंपनीचाच होता. कोणत्या कामाला कोणता भाजक, हे काही ठिकाणी कायदाच ठरवतो, तिथे तोच. जिथे निवड तुमच्या हाती आहे, तिथे कापायला आणि द्यायला एकच ठेवा.

उलट दिशेच्या चुकाही सापडतील, म्हणजे कुणाला अर्धा दिवस जास्त मिळालेला. चूक आपली असेल आणि रक्कम किरकोळ असेल तर सोडून द्यावी, असं माझं मत. ते संचालकांकडून लेखी मंजूर करून घ्या. रक्कम मोठी असेल तर आधी पत्र, मग त्या माणसाच्या संमतीनं हप्ते. एका महिन्यात सगळं वसूल करू नका.

संचालकांकडे जाताना आकडा घेऊन जा: किती माणसं, किती दिवस, त्यातले किती रजा म्हणून परत द्यायचे, किती पैसे म्हणून, एकूण खर्च किती. स्वतःबद्दल एकच वाक्य, “शीट मी बनवली होती, फॉर्म्युला चुकला.” त्याच्या पुढे किंवा मागे काही जोडू नका. रडवेल्या चेहऱ्यानं गेलात तर ते तुमची समजूत घालण्यात वेळ घालवतील आणि निर्णय राहून जाईल. मंजुरी मिळाली की प्रत्येकाला त्याचा स्वतःचा हिशेब द्या: जुनी शिल्लक, दुरुस्ती, नवी शिल्लक, शंका असेल तर कुठल्या तारखेपर्यंत विचारायचं. सूचनाफलकावर ‘तांत्रिक कारणास्तव’ असं लिहू नका. ‘हिशेबात चूक झाली होती’ असं सरळ लिहा.

जाता जाता, नव्या सॉफ्टवेअरबद्दल. त्यात ब्रॅडफर्ड फॅक्टर नावाचा आकडा येत असेल तर तो पगाराशी किंवा वॉर्निंगशी जोडू देऊ नका. गैरहजेरीच्या खेपांचा वर्ग गुणिले एकूण दिवस, असं ते गणित आहे. एकदाच दहा दिवस आजारी पडलेल्याचा आकडा १० येतो आणि दहा वेळा एकेक दिवस राहिलेल्याचा १,०००. दर पंधरा दिवसांनी उपचाराला जाणारा माणूस त्यात सगळ्यात वर दिसतो. चौकशी करायला ठीक आहे, निवाडा करायला नाही.

४० जणांची दुरुस्ती पुढच्या महिन्यात गेली तरी चालेल, सात दिवसांचा मेल आज जाऊ दे. ऑपरेटरचे तीन दिवस मात्र याच पगारात घाला. मूळ पगारात मिसळू नका. अरिअर्सची वेगळी ओळ करा, शेजारी मागचा महिना आणि ‘आजारपणाची रजा, ३ दिवस’ असं येऊ द्या. स्लिप पाठवायच्या आधी त्याच्याकडे स्वतः जा, सुपरवायझरला बाजूला ठेवून, आणि सांगा की ते दिवस मी चुकीचे कापले होते, या महिन्यात येतायत. तो काही बोलणार नाही बहुतेक. पगाराच्या दिवशी ती ओळ बघेल.